जेपेत्तोचा कोट

दिवाळीच्या सुट्टीला चार-पाच दिवस उरले की बालवाडीत शिकवण्यासारखे फारसे काही उरत नाही. आकाशकंदिलाचे कागद कापून झालेले असतात. पणत्या रंगवून झालेल्या असतात. त्यांतला निम्मा रंग पणत्यांना लागलेला असतो आणि निम्मा एकमेकांच्या गालांना. आणि घड्याळात पाहावे तर घंटा व्हायला अजून पाऊण तास! अशा वेळी गोष्टीसारखा दुसरा तारणहार नाही. गेल्या वर्षी या पाऊण तासासाठी मी पिनोकिओला बोलावले.

बोलावले खरे, पण पिनोकिओ हा एकट्याने येऊन गुपचूप कोपऱ्यात बसणारा पाहुणा नव्हे. त्याच्या मागोमाग कोल्हा येतो, मांजर येते, निळ्या केसांची परी येते, घराएवढा मासा येतो. एका दिवसात हे सारे आटोपणे शक्य नव्हते. म्हणून मी गोष्टीचे हप्ते पाडले. पहिल्या दिवशी लाकडाचा ओंडका बोलू लागला. दुसऱ्या दिवशी त्या ओंडक्यातून निघालेल्या बाहुल्याने आपल्याला घडवणाऱ्या म्हाताऱ्याच्याच डोक्यावरचा केसांचा टोप पळवला, आणि वर्ग हसून हसून लोळला. तिसऱ्या दिवशी कोटाची जागा आली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. जेपेत्तो हा लाकूडकाम करून पोट भरणारा म्हातारा. बाहुल्याने एव्हाना पुष्कळ उपद्व्याप करून झालेले असतात, आणि आता मी शाळेत जाईन असे तो कबूल करतो. शाळेत जायचे म्हणजे अंकलिपी हवी. घरात पै नाही. म्हातारा आपला ठिगळे लावलेला कोट अंगात चढवतो आणि बाहेर जातो. थोड्या वेळाने परत येतो तो हातात नवी कोरी अंकलिपी आणि अंगात नुसता सदरा. बाहेर बर्फ पडते आहे. कोट कुठे गेला म्हणून पोर विचारते. विकला, म्हातारा सांगतो. का विकला? तर त्यात फार उकडत होते म्हणून.

आता इथे थांबायचे काही कारण नव्हते. पुढे लगेच बाहुल्यांचा खेळ आहे, ढोल आहे, मोठ्या दाढीचा अक्राळविक्राळ खेळवाला आहे. मी ढोल वाजवायला टेबलावर हातही ठेवला होता. इतक्यात दुसऱ्या ओळीतला एक बारकासा मुलगा उठून उभा राहिला.

“बाई, मग त्याच्या बाबांना थंडी वाजली का?”

वर्ग एकदम गप्प झाला. मग दुसरीकडून आवाज आला, “कोट कुणी घेतला?” आणि तिसरीकडून, “परत आणला का?”

भिवंडीत थंडी ती काय पडते! पण माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप कोणी लूमवर, कोणी सायझिंगमध्ये, कोणी मानकोली-काल्हेरकडच्या गोदामांत माल चढवायला-उतरवायला जातात. रातपाळी करून बाबा कधी येतात, काय घालून येतात, डबा भरलेला येतो की रिकामा, हे त्या मुलांना अक्षरांच्या आधी पाठ झालेले असते. तेव्हा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मात्र मला येत नव्हते. अशा वेळी शिक्षक जे करतात तेच मी केले. “उद्या सांगते,” म्हटले, आणि तेवढ्यात देवासारखी घंटा झाली.

पिनोकिओ मी पहिल्यांदा वाचला तो नऊ-दहा वर्षांची असताना. गावातल्या वाचनालयातले ते मराठी रूपांतर होते. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पाने गेलेली, त्यामुळे ते कोणी लिहिले आणि कुठून आणले हे कधी कळलेच नाही. कित्येक दिवस मी तो मुलगा कोकणातला समजत असे. समुद्र होता, मासे होते, गाढव होते, दारिद्र्य होते. मग कोकण नाही तर काय? त्या पुस्तकातला बाहुला मला फार आवडला. मी शहाणी मुलगी होते. म्हणजे शहाणी म्हणून माझी ख्याती होती, आणि ती सांभाळताना माझा जीव मेटाकुटीला येई. तेव्हा जो कोणाचे ऐकत नाही, लाथा मारतो, शाळेच्या वाटेवरून पळून जातो आणि उपदेश करणाऱ्या रातकिड्याला लाकडी हातोडा फेकून मारतो, त्याच्याबद्दल मला वाटणारे प्रेम हे माझ्या वाटचे बंडच होते. रातकिडा मेला याचे मला यत्किंचितही दुःख झाले नव्हते. नंतर सिनेमात तो रातकिडा टोपी घालून गाणी म्हणतो हे पाहिले, तेव्हा कोणीतरी फसवल्यासारखे वाटले. तो सिनेमा 1940 सालचा, अमेरिकेतला. त्यांना कोणालाही मारवले नसावे.

त्या दिवशी संध्याकाळी लेकीला म्हटले, “मला हे सबंध पुस्तक पाहिजे.” तिने मोबाइलवर इंग्रजी भाषांतर काढून दिले. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. (दहावी म्हणायला हवे, पण आमच्या घरात तिला मॅट्रिकच म्हणत आले.) शेजारी शब्दकोश घेऊन बसले. ती रात्र शुक्रवारची होती. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, आणि ज्याचा जन्म त्या खडखडाटात गेला त्याला शुक्रवारची शांतता कानाला बोचते. हल्ली पुष्कळ कारखाने कायमचेच बंद पडल्यामुळे इतर रात्रीही पूर्वीइतक्या बोलक्या राहिलेल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पुस्तक लिहिणाऱ्याचे खरे नाव कार्लो लोरेन्झिनी. आईच्या गावाचे नाव कोलोदी, ते त्याने आपल्याला लावून घेतले. बाप एका श्रीमंत घराण्यात आचारी होता. हा गृहस्थ स्वतः संसारात पडला नाही. 1881 साली रोममधल्या एका मुलांच्या साप्ताहिकात त्याने ही गोष्ट हप्त्याने द्यायला सुरुवात केली, आणि काही आठवड्यांत ती संपवूनही टाकली. कशी संपवली? बाहुल्याला झाडाला टांगून, फाशी देऊन! पंधराव्या प्रकरणाच्या अखेरीस पिनोकिओ मरतो. शेवटची आठवण काढतो ती बापाची. आणि खेळ खलास. माझ्या लहानपणच्या पुस्तकात हे नव्हते. रूपांतरकाराने आमची दया येऊन ते गाळले असेल, किंवा नेमके ते पान फाटलेले असेल. इटलीतल्या पोरांनी मात्र ते वाचले आणि मुळीच मान्य केले नाही. तेव्हा 1882 मध्ये त्या बिचाऱ्याला झाडावरून उतरवून पुन्हा जिवंत करावे लागले, आणि 1883 साली सबंध पुस्तक निघाले. आम्ही हप्त्याने कादंबऱ्या लिहिणारे लोक वाचकांच्या पत्रांना भितो ते उगाच नाही.

मोठेपणी वाचताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती नाकाची. खोटे बोलले की पिनोकिओचे नाक वाढते, एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. पुस्तकात ते फार थोड्या ठिकाणी आहे. नाक पहिल्यांदा वाढते ते खोटे बोलल्यामुळे नव्हेच. म्हातारा लाकडातून नाक कोरतो आणि ते आपोआप लांब होत जाते. तो कापतो, ते पुन्हा वाढते. पुढे परीपुढे थापा मारताना वाढते ते नाक सुतारपक्षी येऊन टोचून टोचून आखूड करतात. लहानपणी मला ते सुतारपक्षीच काय ते आठवत होते.

दुसरी गोष्ट अशी की, मी लहानपणी बाहुल्याच्या पाठीमागून धावत होते. या वेळी पुन्हा पुन्हा मागे वळून म्हाताऱ्याकडे पाहत होते. पोराने नाकावर लाथ मारली, हा काय म्हणाला? पोर रस्त्यावर पळाले आणि शिपाई येऊन पकडून नेले ते यालाच. सुटून घरी येतो तर पोराचे पाय शेगडीवर ठेवलेले जळून गेलेले. स्वतःच्या न्याहारीची तीन पेअर खिशात होती, ती याने पोरापुढे ठेवली. पोराने सांगितले, साले काढून द्या. म्हाताऱ्याने साले काढली आणि टाकून न देता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिली. फळे संपल्यावर पोराने ती सालेही खाल्ली आणि मधली बोंडेही. माझ्या आईच्या ताटाच्या कडेला असेच काही ना काही ठेवलेले असे. मी ते अखेर खात असेच.

इथे थोडे विषयांतर करते, करण्यासारखे आहे. आपल्याकडे खेळण्यांच्या खोड्या इतक्या कमी का, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपली खेळणी उपजतच शहाणी. माझ्या आजीकडे लाकडाची ठकी होती. एकाच ठोकळ्यातून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे रंगवलेले. हातच सुटे नाहीत, ती खोडी कशाने करणार? सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे पाहावीत. खऱ्या फळाहून गुणी. कवी दत्तांचे ‘या बाई या’ ज्यांनी पाठ केले नाही असे मराठी घर माझ्या लहानपणी क्वचितच असेल. त्यातली बाहुली काय करते? मुलगी सगळ्यांना बोलावून तिचे कौतुक सांगते, आणि बाहुलीच्या शहाणपणाला तर तोटाच नाही. तिचे कपडेसुद्धा मळत नाहीत. दत्तांचा जन्म 1875 चा, आणि 1899 मध्ये ते गेले. पंचविशीसुद्धा गाठली नाही. वि. द. घाटे हे त्यांचे चिरंजीव. बाप गेला तेव्हा हा मुलगा अवघा चार वर्षांचा होता. हे कळल्यापासून ती कविता मला पूर्वीसारखी नुसती गमतीची वाटत नाही. घरातल्या लहान मुलांकडे पाहत कोणीतरी हळूच हसत लिहिले आहे, आणि त्याच्याजवळ फार दिवस उरलेले नाहीत.

खोडकर म्हणाव्या अशा बाहुल्या आपल्याकडे एकाच ठिकाणी सापडतात, आणि त्या राजवाड्यात आहेत. ‘सिंहासन बत्तिशी’तल्या. भोजराजाला विक्रमाचे सिंहासन सापडते. तो ऐटीत चढायला जातो. आणि पायरीवरची बाहुली तोंड उघडते. थांब राजा, आधी विक्रमाची गोष्ट ऐक, आणि तुझ्या अंगात तसे औदार्य असेल तर बस. एक झाली की दुसरी. बत्तीस वेळा त्या राजाला उभे ठेवतात. लहानपणी मला ही दिरंगाई कंटाळवाणी वाटे. आता वाटते, खेळण्याने माणसाची याहून सुंदर फजिती केलेली नाही. बाकी आपल्या बाहुल्या बोलतात त्या दुसऱ्याच्या तोंडाने. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या नाचतात ते दोरी वर कोणाच्या तरी बोटांत असते म्हणून. आणि अर्धवटराव! यशवंत पाध्यांनी तो घडवला त्याला शंभर वर्षे उलटून गेली. पुढे रामदास पाध्यांच्या बरोबर बसून त्याने दोन पिढ्यांसमोर मोठ्या माणसांना जे सुनावले, ते आमच्यापैकी एकाचीही सुनावण्याची छाती नव्हती. 1993 मध्ये ‘झपाटलेला’ आला आणि त्यातल्या तात्या विंचूने तर खोडीची पायरी ओलांडून खुनापर्यंत मजल नेली; त्यानंतर कित्येक महिने माझा धाकटा भाऊ रात्री बाहुल्यांच्या पेटीला कडी लावून झोपत असे.

रात्री खेळणी जागी होतात ही कल्पना मला अँडरसनकडून मिळाली. 1838 सालची त्याची ती कथलाच्या शिपायाची गोष्ट. घरातली माणसे झोपली की खेळणी खेळू लागतात, पाटीवर पेन्सिल आपोआप नाचते. तो शिपाई एका पायाचा का, तर पंचवीस शिपाई एकाच जुन्या चमच्यातून ओतले आणि शेवटच्याला धातू पुरला नाही. भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे कापडाचा शेवटचा तुकडा नेहमी आखूडच निघतो. त्या गोष्टीबद्दल वर्गात बोलणे चालले असताना एक मुलगी म्हणाली होती, “बाई, माझे बाबा म्हणतात, गोदामात रात्री खोकं हलवलं की आतलं खेळणं बोलतं.” सेलवरचे असणार. मला ते खोके, तो काळोख आणि ते खांद्यावर घेऊन उभा राहिलेला तिचा बाप इतका स्पष्ट दिसला की पुढे काय शिकवायचे होते ते मी विसरले.

असो. त्या रात्री मी कोट शोधत होते.

कोट विकून आणलेली अंकलिपी पिनोकिओ त्याच दिवशी, शाळेच्या वाटेवरच, एका जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला विकून टाकतो. बाहुल्यांच्या खेळाचे तिकीट चार पैसे. अंकलिपीचेही चार पैसे. खेळवाल्याला पुढे दया येते, तो पाच सोन्याची नाणी देतो. ती हातात पडताच पोराला सगळ्यात आधी काय आठवते? बापाचा कोट. सोन्या-चांदीचा करीन, हिऱ्यांची बटणे लावीन, असे तो म्हणतो. मला इथे हायसे वाटले. म्हटले, आला कोट. पण कोल्हा आणि मांजर वाटेतच होते. नाणी गेली. मग फाशी, मग परी, मग तुरुंग, मग तो खेळण्यांचा देश, जिथे शाळा नाही, पुस्तके नाहीत, आणि खेळता खेळता मुलांना गाढवाचे कान फुटतात. मग समुद्र, आणि माशाच्या पोटात मेणबत्तीच्या उजेडात बसलेला म्हातारा. पोर त्याला पाठीवर घेऊन पोहत बाहेर आणते. पुढे म्हातारा आजारी पडतो. त्याला पेलाभर दूध मिळावे म्हणून पोर पहाटे उठून रहाटाचे चाक ओढते, बुरुडासारखे टोपल्या विणते. थोडे पैसे साठतात. ते घेऊन एके दिवशी बाजाराला निघते, कोट घ्यायला. मी सरसावून बसले. पण तो कोट त्याचा स्वतःचा! आणि तोही घेतला जात नाही; परी आजारी आहे असे कळते, आणि पैसे तिकडे जातात. दुसऱ्या दिवशी पिनोकिओ खराखुरा मुलगा होऊन जागा होतो, म्हातारा खडखडीत बरा झालेला असतो, घर झगमगते. खुर्चीला टेकवून ठेवलेला, मान कलंडलेला, हात लोंबणारा लाकडी बाहुला तेवढा कोपऱ्यात उरतो, आणि त्याच्याकडे पाहून तो मुलगा म्हणतो की तेव्हा मी किती हास्यास्पद होतो.

पुस्तक संपले. जेपेत्तोचा कोट काही परत आला नाही. मी मागची पाने पुन्हा चाळली, नव्या घराचे वर्णन पुन्हा वाचले. मला तरी तो कुठे सापडला नाही. लेखक विसरला असेल. हप्त्याने लिहिताना असे होते. माझ्या एका कादंबरीत पाचव्या प्रकरणात काशीला गेलेली आत्या अद्याप परतलेली नाही. पण विसरला नसेल तर?

आपल्या श्यामने असे होऊ दिले नसते. दापोलीला शिकत असताना त्याने पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला, आणि भर पावसात चालत घरी नेला. ती गोष्ट शाळेत वाचताना मी रडले होते. मी श्यामसाठी रडले. आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या घरातला एक सदरा नाहीसा झाला होता, त्याचे मला काही वाटले नव्हते.

सदरा म्हणजे अजून शिवायचा होता. बाबा चार लूम चालवीत. त्या दिवाळीला त्यांना मालकाकडून सदऱ्याचे कापड मिळाले होते. पांढरे, अंगाला नीळ दिल्यासारखी छटा असलेले. आईने ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवले. शिलाई जमली की शिवायचे आणि गणपतीत आत्याकडे कल्याणला घालून जायचे, असे ठरले. पुढे जून आला. मी वरच्या वर्गातल्या एका मुलीची पुस्तके निम्म्या किमतीत घेत असे. पण त्या वर्षी नेमकी आमच्या इयत्तेची पुस्तके बदलली. जुनी उपयोगाची नाहीत, सगळी नवी हवीत. ती मला मिळाली. शाळा उघडल्यापासून चौथ्या दिवशी मिळाली. मी त्यांचा वास घेतला, बाबांनी रात्री बसून जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरे घातली, आणि ती कुठून आली हे मी विचारलेसुद्धा नाही. ट्रंक आमची एकच होती, आणि ती मी दिवसातून दोनदा उघडत असे.

गणपतीत बाबा आत्याकडे आले ते कॉलर उलटवून शिवलेला जुनाच सदरा घालून. उलटलेली कॉलर दुरून कळत नाही, जवळून कळते. आतेबहीण माझ्या कानाशी लागली, “मामांनी नवा नाही घातला?” मी तत्काळ म्हणाले, “शिंप्याकडे टाकलाय. शिंपी मेला वेळेवर देईल तर शपथ.” आणि आरतीला बाबांच्या शेजारची जागा सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. बाबांनी ते पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. टाळ त्यांच्या हातात होते, आणि आरती म्हणताना ते डोळे मिटत.

घरी येताना एसटीत मी फणकाऱ्याने विचारले, “त्या कापडाचं काय झालं?”

“अगं, लूमवर काय उकडतं म्हणून सांगू!” ते म्हणाले. “बनियनवरच बरं. सदरा घेऊन करायचं काय?”

मला ते पटले. लूमवर उकडते हे खरेच होते; डबा घेऊन जाताना मी पाहिलेले होते. पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नाचा बस्ता बांधताना, आई सहज बोलून गेली की त्या वर्षी ते कापड शेजारच्यांना विकून पुस्तके आणली होती. तेव्हाही मी “हो का?” म्हटले आणि साड्यांकडे वळले. मध्यंतरी पिनोकिओ मी निदान चार वेळा वाचला असेन, वर्गात सांगितला असेल दहा वेळा. कोट विकणारा म्हातारा ‘उकडत होते’ म्हणतो हे वाक्य दर वेळी माझ्या तोंडून गेले आहे. ते एका मुलाने मध्येच अडवीपर्यंत मला ऐकू आले नव्हते.

या पुस्तकात सगळ्यांत मोठी थाप कोणी मारली असेल तर ती त्या म्हाताऱ्याने. भर बर्फात! त्याचे नाक मात्र होते तेवढेच राहिले. माझेही राहिले, हे विशेष. आत्याच्या दारात मी जे बोलले त्याला सुतारपक्ष्यांचा थवा बोलवावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस. मी वर्गात शिरताच तो मुलगा उभा.

“वाजली,” मी म्हटले. “पुष्कळ थंडी वाजली.”

“मग त्यांनी सांगितलं का नाही?”

“बाबा लोक सांगत नाहीत.”

त्याने थोडा विचार केला. हे त्याला नवीन नसावे. तो खाली बसला. पण कोटाचा प्रश्न विचारणारी मंडळी ऐकेनात. परत आणला का? मी खरे ते सांगितले, की पुस्तकात नाही आणला. वर्गात नापसंतीची कुजबुज झाली. इटलीतल्या पोरांनी फाशीला केली असेल तशीच. मग त्या गोदामवाल्या बाबांच्या मुलीने आमच्या चिंध्यांच्या डब्यात हात घातला. भिवंडीत बालवाडीला दुसऱ्या कशाची वाण असेल, चिंध्यांची नाही. तिने एक जांभळा तुकडा काढला आणि फळ्याखालच्या रिकाम्या बाटलीला, जिला आम्ही तीन दिवस जेपेत्तो म्हणत होतो, तो गुंडाळला. गाठ मी मारून दिली. पुढची गोष्ट मग सुखाने ऐकली गेली. फाशी मीही गाळली.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कान लूमनेच नेले. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचे म्हणजे शेजारच्या दोन घरांना ऐकवून बोलायचे. पाडव्याला मी त्यांच्यासाठी बाजारपेठेतून सदऱ्याचे कापड नेले. पांढरेच घेतले. निळसर छटेचे शोधले, मिळाले नाही. त्यांना काही आठवते का, हे विचारायचे मी वाटेत ठरवले होते, आणि दारात गेल्यावर ते राहून गेले. एवढ्या मोठ्याने ओरडून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

त्यांनी कागद उलगडला. चष्मा कपाळावर सरकवला, कापडाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळली, उजेडाकडे करून पाहिली. माणसे नवे कापड पाहतात तसे ते पाहत नाहीत. आधी ताणा पाहतात, मग बाणा, आणि कापडाचा भाव सांगण्यापूर्वी ते कोणत्या मागावरचे असेल ते सांगतात.

“सुती नाही हे,” ते म्हणाले. “मिसळ आहे. कशाला आणलंस? उकडेल यात.”

मी त्यांच्या नाकाकडे नीट पाहून घेतले. होते तेवढेच होते. मग त्यांनी घडी पुन्हा जशीच्या तशी घातली, उशीखाली ठेवली, आणि शिंप्याचे दुकान दुपारी किती वाजता उघडते ते मला विचारले.